ऑटोवरची खुर्ची

२ जानेवारी

ही डायरी मला माझं काही लिहायला मिळालेली नाही. अलकाताईंनी दिली ती तक्रारी लिहायला. म्हणाल्या, "कोणत्या वॉर्डात कोण काय बोललं, कोणता नळ वाहून राहिला, कोणता हातपंप बंद हाय, रोज लिहून ठेवजो. लिहिता येते ना तुले?"

"बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत होतो," म्हणालो.

"ते नाही विचारलं."

आज तक्रार एकही मिळाली नाही, कारण ऑटोची बॅटरीच दुपारी चार्ज होऊन आली. पान कोरं ठेवण्यापेक्षा माझंच लिहितो. मी अंकुर, सौंसरचा. संत्र्याच्या गाडीवर हमाली केली, नागपूरला मोबाईलच्या दुकानात होतो, छिंदवाड्यात एका हॉटेलात सहा महिने. कुठंही बसायला लागलो की पायाला मुंग्या येतात. परवा बैतूलला जायला निघालो होतो, तिथं एका धाब्यावर काम आहे. नांदखेड्यात बस पंक्चर झाली. टायर बदलेपर्यंत संत्री खायला उतरलो, भिंतीवर 'ड्रायव्हर पाहिजे, वीस दिवस' असा कागद दिसला, तो वाचता वाचता बस गेली.

वीस दिवसांचं कारण असं. अलकाताई इथल्या नगर परिषदेच्या अध्यक्ष. पंधरापैकी बारा पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, कलेक्टरला लिहून दिलं की ह्या बाई आम्हाला नको. म्हणून एकोणीस तारखेला गावच मत देऊन ठरवणार. मशिनवर दोनच बटणं. एकावर रिकाम्या खुर्चीचं चित्र, म्हणजे बाईंना काढा. दुसऱ्यावर माणूस बसलेली खुर्ची, म्हणजे राहू द्या. इकडे सगळे खाली कुर्सी, भरी कुर्सी म्हणतात. आपली भरी.

भांडण तलावाचं आहे. उपाध्यक्ष देवीदासजींना तो अर्धा बुजवून तिथं दुकानं काढायची आहेत. ताई सही देत नाहीत.

४ जानेवारी

आजची आयडिया माझी. गौतम टेंटवाल्याकडून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, लोडिंग ऑटोच्या मागच्या डाल्यात दोरीने पक्की बांधली. ताई तिच्यात बसतील, मी भोंग्यावर ओरडेन, भरी कुर्सी! लोकांना चित्र समजावून सांगायची गरजच नाही.

ताई बसल्या. चौकापर्यंत, म्हणजे दोन मिनिटं. मग "थांबव थांबव" म्हणून उतरल्या, कोणीतरी चिंचेच्या खोडाला फ्लेक्सचा खिळा ठोकला होता. तो उपटेपर्यंत अर्धा तास. पुढचे तीन मोहल्ले त्या पायीच, मी मागून ऑटो घेऊन.

त्या चिंचा पाच आहेत. अठरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला तोडणार होते. ताई तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तरीण. त्यांनी चौथीचा वर्ग तीन दिवस त्या झाडांखाली भरवला. पाढे, शुद्धलेखन, सगळं झाडं तोडायच्या मशिनसमोर. झाडं वाचली, ताईंची बदली पार तामियाकडे झाली. मग नोकरी सोडली. दोनदा पार्षदकीला पडल्या, तिसऱ्यांदा थेट अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. हे मला टायर पंक्चरवाल्याने सांगितलं. तो त्या चौथीत होता. म्हणाला, "सातचा पाढा मले अजूनही चिंचेखालीच आठवते."

त्याला मत कोणाला विचारायचं राहून गेलं. बोलता बोलता चिंचा खात बसलो.

६ जानेवारी

ताईंबरोबर ऑफिसला गेलो. अध्यक्षांच्या खुर्चीवरचं प्लास्टिकचं कव्हर अजून काढलेलं नाही! तीन वर्षं झाली. चपराशी म्हणाला, "बसल्या असतील तर काढतील ना बाप्पा." ताई सगळं काम उभ्याने नाहीतर बाहेरच्या बाकावर करतात, लोकांमध्ये.

मी विचारलं, काऊन नाही बसत? म्हणाल्या, "बसून कोणतं काम होते?"

खरं लिहू का? मला हे थोडं जास्तच वाटलं. खुर्चीसाठी आपण गावभर बोंबलून राहिलो आणि ह्या बाईला खुर्ची चावते. शिवाय चहाच्या टपरीवर प्लास्टिकचे कप दिसले की भर गर्दीत दंडाची पावती फाडतात. तो टपरीवाला भरीचं बटण कायले दाबेल?

तक्रार: वॉर्ड चार, नाली तुंबली.

७ जानेवारी

मंगेश भेटला! सौंसरच्या कॉलेजात माझ्यासोबत होता, मूळचा इथलाच. मोठी गाडी, पांढरे बूट. मला बसस्टँडवर नेऊन तर्री-पोहे खाऊ घातले, दोन प्लेटी. किती दिवसांनी कोणी इतक्या आपुलकीने विचारलं, कसा आहेस, काय करतोस, ताई कशा आहेत, दिवसभर काय करतात, ऑफिसात कधी येतात. मी सगळं सांगितलं. खुर्चीवरच्या कव्हरची गंमत सांगितली तर हसून हसून त्याच्या शर्टवर तर्री सांडली. "असं का बे? अजूनही कव्हर हाय?" दोनदा विचारलं.

चांगला मित्र आहे. त्यालाही लोकांच्या कामांत रस दिसतो.

तक्रारी लिहायच्या राहिल्या.

९ जानेवारी

आज सगळ्यांच्या मोबाईलवर एकच फोटो. अध्यक्षांची खुर्ची, कव्हर चढवलेली, खाली लिहिलं आहे, 'ही तर तीन वर्षांपासून खालीच आहे. १९ तारखेला फक्त शिक्का मारा.'

कोणी दिला असेल फोटो? मला चपराश्याचा संशय येतो. त्याची नजरच तशी आहे. ताईंना सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "चपराश्याले काही बोलू नको. त्याच्या घरी पाहुणे हायेत."

पाहुण्यांचा काय संबंध, कळलं नाही.

११ जानेवारी

ऑटोला सुट्टी. ताईंचे यजमान नत्थूजी काका यांच्यासोबत संत्र्याच्या बगीच्यात गेलो. दीडशे झाडं. पानं मलूल, वळलेली, खाली पिवळा सडा. मला वाईट वाटलं. काका विहिरीकडे गेले तोवर मी नळीचा वॉल उघडायला गेलो, तर म्हातारा असा धावत आला!

"हात नको लावू! ताणावर हाय ते."

"मरून राहिले ना काका."

"मरत नाही. पाणी तोडलं की झाड घाबरते, अन् घाबरलं की फुलावर येते. मंग एकदम पाणी सोडायचं. त्याच्या पहिले सोडलं तर नुसता पाला. फूल नाही अन् फळ नाही."

"किती दिवस?"

"झाड सांगते."

काका दिवसभरात एवढंच बोलले. जेवताना मी तलावाचं विचारलं. बोटाने विहीर दाखवली. पाणी वर होतं, कठड्यावरून वाकलं तर तोंड दिसावं असं. मग खालच्या अंगाच्या दुसऱ्या बगीच्यांकडे बोट फिरवलं, तिसऱ्याकडे फिरवलं. पुढच्या एका पडीक वावराकडे बोट गेलं, तिथं बोअरचे तीन पाईप उभे होते, कोरडे. तलावाची झिरप तिथवर पोचत नाही. मला वाटतं त्यांना एवढंच म्हणायचं होतं. वीस सभांत ताई जे सांगून राहिल्या ते काकांनी भाकरी चावता चावता सांगितलं.

१४ जानेवारी, संक्रांत

आज जे कळलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

अंगणवाडीच्या सुचिताताईंकडे हळदीकुंकू होतं. वॉर्ड नऊच्या पन्नास-साठ बाया. ताई आत, मी बाहेर ऑटोजवळ तिळाचे लाडू खात, पोरांचे पतंग पाहत. सुचिताताई बाहेर आल्या, ऑटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अंकुरभाऊ, हे तुमी रोज असंच फिरवता?"

"हाव. दहा दिवसांपासून. सगळे वॉर्ड झाले, दोनदोनदा."

"अन् खुर्चीवर कोण बसते?"

"ताई. म्हणजे त्या उतरतात मधेमधे."

"मी तर एकदाही पाह्यल्या नाही बसलेल्या. आतमंदी बाया काय म्हणून राहिल्या माहीत आहे? का ताईची निशाणी खाली खुर्ची हाय. ऑटोवर खालीच खुर्ची असते ना!"

मी भोंग्यावर भरी भरी ओरडत होतो आणि मागच्या डाल्यात रिकामी खुर्ची मिरवत होतो. दहा दिवस! देवीदासजींना वेगळा प्रचार करायची गरजच पडली नाही. त्यांची निशाणी मीच गल्लोगल्ली पोचवली, आपल्याच डिझेलवर.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या आधी मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "पाच दिवस हायेत."

१५ जानेवारी

ताई तर बसणार नाहीत, त्यांना सहा बैठका. मग मी सकाळीच बगीच्यातून नत्थूजी काकांना उचललं. शाल घातली, खुर्चीत बसवलं. "फक्त हात हलवा." काकांनी हात हलवला, जसा पिकावरचे पोपट हाकलतात तसा. पण खुर्ची भरली होती! मी बाजारातून दोन चकरा मारल्या. लोक हसून राहिले, टाळ्या वाजवून राहिले, मी खूश.

तिसऱ्या चकरेला ताई समोर उभ्या. ऑटोच्या पुढे, हात आडवे करून.

"उतरा," काकांना म्हणाल्या. काका निमूट उतरले, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि चालत बगीच्याकडे गेले. मग माझ्यावर:

"तुले माहीत आहे का, या जिल्ह्यात कितीक बाया अध्यक्ष, सरपंच हायेत अन् खुर्चीवर त्यांचे नवरे बसतात? अध्यक्षपती म्हणतात त्याले. सही बाईची, बसणं बुवाचं. तीन वर्षं झाली, या माणसाने ऑफिसाची पायरी चढली नाही. मी म्हटलं म्हणून नाही, त्याले स्वतःले समजते म्हणून. अन् तू त्याले शाल घालून मिरवून राहिला?"

मी म्हणालो, "मंग तुमी काऊन नाही बसत? सगळं त्याच्यानंच झालं!"

भाजीवाल्या बायासुद्धा थांबल्या. मला वाटलं आता हाकलतात. माझी पिशवी तशी बांधलेलीच असते.

ताई ऑटोच्या मागे गेल्या, चाकावर पाय देऊन चढल्या आणि बसल्या. "चालव."

१६ जानेवारी

ताई दिवसभर बसल्या. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. "थांबव, नळ वाहून राहिला." "थांबव, ते पोरगं झाडाले झोंबून राहिलं." मी थांबवलं नाही. आज पहिल्यांदा थांबवलं नाही. मागून खुर्ची करकरत होती, त्या शाळेतल्या आवाजात ओरडत होत्या, "अंकुर! डायरीत लिही! वॉर्ड अकरा, वॉल गळते!"

लिहिलं. वॉर्ड अकरा, वॉल गळते.

१७ जानेवारी

मंगेश देवीदासजींच्या गाडीतून उतरला. पुढच्या सीटवरून. मला पाहून हात केला, जसा काही मी त्यांच्यातलाच.

मी विचारलं, "कव्हरचा फोटो तू काढला का बे?"

"तूच तर सांगतलं, लेका. माझी त त्या ऑफिसात नजरही नसती गेली. देवीदासभाऊनं खूश होऊन मोबाईल दिला मले. पोहे खातं का?"

मी चपराश्यावर नऊ दिवस डूक धरून होतो. त्याच्याकडे बघत नव्हतो, त्याचा चहा घेत नव्हतो.

सरळ बसस्टँडवर गेलो, पिशवी घेऊन. बैतूलची गाडी चारला. स्टँडच्या मागे टाकीचा कॉक उघडा राहिला होता, पाणी धो धो रस्त्यावर. कोणी बघून राहिलं नव्हतं. कॉकची मूठ गायब. पक्कड शोधायला पंक्चरवाल्याकडे गेलो, त्याची पक्कड गौतमकडे, गौतमकडून आणली, बंद केला. तोवर साडेचार.

दुसरी गाडी उद्या.

१९ जानेवारी

मतदान. सकाळी सातपासून रांगा. दुपारी मी वॉर्ड नऊच्या शाळेजवळ उभा होतो, दूर, कारण जवळ उभं राहू देत नाहीत. सरलाआजी बाहेर आल्या. ऐंशीच्या वर असतील, नात हाताला धरून. मला ओळखलं. जवळ येऊन माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली.

"दाबली बाप्पा, आपल्या ताईचीच. माझं लग्न झालं तेव्हापासून त्या तलावाचं पाणी पेऊन राहिली मी, दुसऱ्याची कशी दाबीन? खालीवाली दाबली. तुया ऑटोवर होती तशीच."

नात बोलणार होती, मी तिला डोळ्याने नको म्हटलं. आजी इतक्या आनंदात होत्या. शेजारणीलाही सांगत गेल्या, तूबी ऑटोवालीच दाबजो.

२१ जानेवारी

खाली कुर्सी २२१४. भरी कुर्सी २१५१.

त्रेसष्ट.

वॉर्ड नऊ, जिथं अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ताई सगळ्यात पुढे होत्या, तिथं दीडशेने मागे. देवीदासजींची माणसं गुलाल उधळून राहिली होती, दोन जणांनी डोक्यावर रिकामी खुर्ची धरली होती. लाल प्लास्टिकची. तशीच.

मी ही डायरी ताईंच्या हातात दिली. म्हणालो, यात तक्रारी कमी आणि माझंच जास्त आहे, पण वाचा. मंगेशचं आहे, कव्हरचं आहे, सरलाआजींचं आहे. तुमाले मी पाडलं, ते सगळं तारखेसह लिहिलेलं आहे.

त्यांनी चष्मा लावला. मी थांबलो नाही.

२२ जानेवारी

सकाळी डायरी परत. मी काकांसोबत बगीच्यात होतो. काकांनी आज वॉल उघडला. पाणी आळ्यांतून पसरत गेलं, माती असा आवाज करून पीत होती की बोलणं थांबवून ऐकावं. ताई बांधावरून आल्या, डायरी माझ्या पुढ्यात टाकली.

मी वाट पाहत होतो.

"वॉर्ड नऊचा हातपंप लिहिला नाही तू," म्हणाल्या.

"ताई, मंगेशचं..."

"मंगेश माझ्याच शाळेत होता. चौथीतही दुसऱ्याच्या पाटीतलं पाहूनच लिहायचा. फोटो आला त्याच दिवशी समजलं होतं मले. चपराशी बिचारा दोन दिवस सुट्टीवर होता, पाहुणे होते त्याच्या घरी."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"बोलली असती तर तू बैतूलले गेला असता." त्या पाण्याकडे पाहत होत्या. "अन् खुर्चीवर मी नाही बसली ना. ते तुया लिहिण्यात बरोबर हाय. ते माझ्या नावावर टाक."

काका म्हणाले, "ते झाड पाह्य." कोपऱ्यातल्या झाडाकडे बोट. मला काहीच वेगळं दिसलं नाही. ताईंना दिसलं बहुतेक. दोघं बराच वेळ तिथंच उभे होते.

२४ जानेवारी

सकाळी आठला पंक्चरवाल्याचा फोन. तलावावर मुरमाचे तीन डंपर आलेत. निकालानंतर आठवडाही थांबले नाहीत.

ताई म्हणाल्या, "ऑटो काढ." मला वाटलं भोंगा लागेल. पण तलावाच्या पाळीवर पोचताच त्यांनी मागच्या डाल्यातली दोरी सोडायला सांगितली. लाल खुर्ची उतरवली. डंपर जिथून उतरणार त्या उताराच्या बरोबर मधोमध ठेवली. दोनदा हलवून पाहिली, पाय सपाट बसले का. आणि बसल्या. मांडीवर पिशवी, पदर खोचलेला. मी त्यांना कोणी न सांगता बसलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्या डंपरचा ड्रायव्हर उतरला. "मॅडम, आता तुमी अध्यक्ष नाही ना."

"नाही. म्हणूनच बसायले टाइम हाय."

तो डोकं खाजवत राहिला. त्याने फोन केला, तिकडून कोणी उचलेना. दहापर्यंत पंक्चरवाला आला, सुचिताताई आल्या. सरलाआजी नातीचा हात धरून आल्या आणि पाळीवर मांडी घालून बसल्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नसावं, कारण मला म्हणाल्या, "ताई जितली ना? पाह्य, बसली खुर्चीवर."

"हाव आजी," म्हणालो.

अकराला ताई उठल्या. पांढुर्ण्याला कलेक्टरकडे अर्ज द्यायचा होता, पंक्चरवाल्याच्या गाडीवर जाणार. जाताना माझ्याकडे वळल्या.

"बस इथी."

"मी?"

"खाली नको ठेवू."

बैतूलची गाडी चारला असते. आता किती वाजले माहीत नाही, सावली पाण्यावर गेली आहे. ड्रायव्हर दोनदा येऊन गेला. "भाऊ, खुर्ची सरकव ना थोडी." मी म्हणालो, ताई आल्यावर. तो म्हणाला, कधी येतील? मी म्हणालो, माहीत नाही. मग तो माझ्याच शेजारी पाळीवर बसला आणि बिडी पेटवली. पायाला मुंग्या येऊन राहिल्या. येऊ दे.

तक्रार: वॉर्ड नऊ, सरलाआजींच्या घरासमोरचा हातपंप. दांडा तुटलेला. खाली पाणी आहे.